पाणी आणि करार

१९५३ च्या ३१ जानेवारीच्या रात्री उत्तर समुद्र इंग्लंडच्या पूर्व किनाऱ्यावर चढला. ३०० हून अधिक माणसे दगावली. थेम्सच्या मुखाशी कॅन्व्ही बेटावर, बांधाआडच्या सखल जमिनीत, ५८ जण गेले. त्या आपत्तीतून लंडनजवळ नदीवर पोलादी दरवाजे उभे राहिले. १९८४ साली त्यांचे उद्‌घाटन झाले. पण हिशेब २०३० पर्यंतचाच होता. पुढे काय?

हवामानशास्त्र एकच आकडा देत नाही, पल्ला देते. २१०० पर्यंत समुद्र सुमारे ९० सेंटिमीटर चढेल असे धरावे, पण २.७ मीटरपर्यंतच्या वाढीचाही विचार करून ठेवावा, असे २०१२ च्या थेम्स योजनेने ठरवले. आम्हां कामगारांना ही रीत परकी नाही. करार करताना महागाई किती वाढेल हे आम्हांला कुठे ठाऊक असते? निर्देशांक एवढा चढला की भत्ता एवढा, असे आम्ही लिहून घेतो. तिथेही पाणी मोजत राहायचे, आणि ठरल्या खुणेपूर्वी पुढचे काम हाती घ्यायचे. २०२३ च्या फेरतपासणीत शहरातल्या नदीकाठच्या भिंती उंचावण्याची मुदत २०६५ वरून २०५० वर आली.

असे कलम लिहिताना सखल वस्तीतला माणूस बैठकीला हवा. बुडणारे घर त्याचेच असते.