रेलमोटार, वाफेची : प्रतिकृतींवरून ओळख

बाष्पित्र, एंजिन व उतारूंचा डबा ही सर्व एकाच वाहनात सामावलेली रेल्वेगाडी. उतारू थोडे असलेल्या फाट्यांवर स्वतंत्र एंजिनाची गाडी परवडत नसे. या अडचणीतून हा प्रकार निघाला. इंग्लंडमध्ये विल्यम ब्रिजेस ॲडम्स यांनी १८४७–४९ या काळात असे प्रयोग केले. त्यांपैकी ‘फेअरफील्ड’ ही गाडी ब्रिस्टल अँड एक्झिटर रेल्वेसाठी बांधली होती. खरा प्रसार मात्र १९०३ नंतर झाला. ग्रेट वेस्टर्न रेल्वेने १९०३ ते १९०८ या अवधीत ९९ रेलमोटारी बांधल्या. मार्गावरील उतारू वाढले की, एंजिनाची शक्ती अपुरी पडे आणि बाष्पित्राच्या सफाईसाठी डबाही अडकून पडे. यामुळे बहुतेक वाहने मोडीत निघाली किंवा त्यांचे साधे डबे करण्यात आले. त्यांचे मूळ रूप पुष्कळदा प्रतिकृतीतच उरले आहे आणि तिच्यावर नाव नसेल, तर ओळख पटविणे हे जिकिरीचे काम ठरते.

प्रथम बाष्पित्राची जागा पाहावी. ग्रेट वेस्टर्नच्या वाहनात उभे बाष्पित्र डब्याच्या एका टोकाशी आत असून धुराडे छपरातून वर येते. टॅफ व्हेल रेल्वेच्या रेलमोटारीत आडवे बाष्पित्र वाहनाच्या लांबीला काटकोनात बसविलेले असे. सेंटिनेल कंपनीच्या गाड्यांत (१९२३ पासून) बाहेरचे संयोगदांडे दिसत नाहीत. त्यामुळे त्यांची प्रतिकृती पेट्रोलवरील रेलमोटार समजली जाते. धुराडे व कोळशाची जागा शोधल्यास ही चूक टळते. या जातीची १९२८ मधील एक अरुंदमापी गाडी श्रीलंकेत जतन केलेली आहे.

रुळांमधील अंतरावर विसंबणे धोक्याचे असते. नेरळ–माथेरान मार्ग (१९०७) ६१० मिमी. मापाचा आहे. त्यावरील वाहनाची १:१९ प्रमाणातील प्रतिकृती ३२ मिमी. रुळांवर चालते, इंग्लंडमधील १,४३५ मिमी. मापाच्या गाडीची सुमारे १:४३·५ प्रमाणातील प्रतिकृतीही त्याच रुळांवर चालते. चंदगड तालुक्यात लोहमार्ग नाही. जवळचा बेळगाव–मिरज मार्ग मूळचा मीटरमापी होता. त्यावरील वाहनाच्या १:८७ प्रतिकृतीला सुमारे १२ मिमी. अंतराचे रूळ लागतील. भारतीय रुंदमापी वाहनांना त्याच प्रमाणात १९ मिमी.हून थोडे अधिक अंतर हवे, तरी सोयीसाठी कारागीर १६·५ मिमी.चे तयार रूळच वापरतात. म्हणून आधी दाराची उंची, पायरी व आसने मोजून प्रमाण ठरवावे आणि मगच रुळांकडे वळावे. हौशी कारागीर कल्पनेतील वाहनेही बनवितात, हेही ध्यानात ठेवावे लागते.

मूळ वाहनच पुढे बदललेले असेल, तर काळाचाही विचार करावा लागतो. ग्रेट वेस्टर्नच्या रूपांतरित डब्यावर धुराडे नसते व एंजिनाच्या चाकांच्या जागी साधी बोगी असते. बाकीचा साटा तोच. भारतातील ठळक उदाहरण ‘फिनिक्स’ या एंजिनाचे होय. मँचेस्टरजवळील नॅस्मिथ विल्सन कंपनीने १९०७ मध्ये ते ईस्ट इंडियन रेल्वेच्या रेलमोटारीसाठी बांधले. १९२५ मध्ये जमालपूरच्या कर्मशाळेत त्याचे स्वतंत्र एंजिनात रूपांतर झाले व ते डबे हलविण्याच्या कामी आले. दिल्लीच्या राष्ट्रीय रेल्वे संग्रहालयात ते त्याच रूपात आहे. त्यावरून घडविलेली प्रतिकृती लहानशा एंजिनाचीच दिसते. उतारूंचा डबा तिच्यात शोधून सापडणार नाही.