मिठाच्या करापासून लोकसभेपर्यंत

भारतीय संसदेच्या कनिष्ठ सभागृहाची घडण समजून घ्यायची, तर १९१९ च्या माँटेग्यू-चेम्सफर्ड कायद्यापर्यंत मागे जावे लागते. या कायद्याने मध्यवर्ती कायदेमंडळ द्विगृही केले. त्यातील कनिष्ठ सभागृह असलेल्या मध्यवर्ती विधानसभेत १४५ पैकी १०४ सदस्य निर्वाचित असत, परंतु मताधिकार मालमत्ता व करभरणा यांच्याशी जोडलेला असल्याने मतदार अत्यल्प होते. शिवाय सभेने फेटाळलेले विधेयक ‘प्रमाणित’ करून, म्हणजे राज्यहितासाठी आवश्यक ठरवून, अमलात आणण्याचा अधिकार गव्हर्नर जनरलकडे होता. १९२३ मध्ये सभेने मिठावरील कर दुप्पट करण्यास नकार दिला, तरी तत्कालीन गव्हर्नर जनरल लॉर्ड रीडिंग यांनी याच अधिकाराने तो लागू केला. सभेला बोलता येत होते, पण तिजोरीची किल्ली तिच्या हाती नव्हती.

राज्यघटनेने ही उणीव दोन्ही बाजूंनी भरून काढली. मंत्रिमंडळ लोकसभेला सामुदायिकपणे जबाबदार ठरले, आणि कर, कर्ज व शासकीय खर्चाशी निगडित असलेले धनविधेयक केवळ याच सभागृहात मांडले जाऊ लागले. राज्यसभेला त्यावर १४ दिवसांत शिफारशी करता येतात, मात्र त्या लोकसभेवर बंधनकारक नसतात. एवढी सत्ता ज्या सभागृहाकडे सोपवायची, ते सर्वांनी निवडलेले असणे न्यायाचे होते, म्हणून प्रौढ मताधिकार आला. १९५१-५२ च्या पहिल्या निवडणुकीत १७ कोटींहून अधिक मतदारांची नोंद होती आणि जागा होत्या ४८९. त्या वेळी ८६ मतदारसंघ द्विसदस्यीय होते, म्हणजे तेथून सर्वसाधारण आणि राखीव असे दोन प्रतिनिधी निवडले जात. १९६१ च्या कायद्याने ही पद्धत बंद झाली, राखीव जागा मात्र कायम राहिल्या. मध्यवर्ती विधानसभेचे अखेरचे अध्यक्ष गणेश वासुदेव मावळंकर हेच लोकसभेचे पहिले सभापती झाले. गुजरातेत स्थायिक झालेल्या या मराठी गृहस्थांमुळे जुन्या सभेतील कामकाजाचा अनुभव नव्या सभागृहाला लाभला.

आज ५४३ जागांपैकी महाराष्ट्राकडे ४८ आणि गोव्याकडे २ आहेत. कुटुंबनियोजन यशस्वी करणाऱ्या राज्यांचे प्रतिनिधित्व घटू नये, म्हणून राज्यांतील जागावाटप १९७६ मध्ये १९७१ च्या जनगणनेवर गोठवण्यात आले, आणि पुढे ती मुदत २०२६ नंतरच्या पहिल्या जनगणनेपर्यंत वाढवण्यात आली. या उपायाला सबळ कारण होते, तरी त्यामुळे एका राज्यातील मताचे मोल दुसऱ्या राज्यातील मतापेक्षा वेगळे झाले. ज्या सभागृहाचा अधिकार मतदारांच्या समानतेवर उभा आहे, त्याने हा तोल सर्व राज्यांच्या संमतीने साधणे हे त्याच्या प्रतिष्ठेसाठी अत्यावश्यक आहे.