छपराखालचा हिशेब

विठ्ठलराव दातारांनी 1904 साली इचलकरंजीत पहिला यंत्रमाग बसवला आणि पुढे हे गाव महाराष्ट्राचे मँचेस्टर म्हणून ओळखले जाऊ लागले. इमारतींच्या ऊर्जाशास्त्रात शिरू पाहणाऱ्याने हे बिरुद जरा तपासून घ्यावे. मँचेस्टर 53 अंश उत्तर अक्षांशावर आहे. तिथे भर दुपारचा सूर्य वर्षभर दक्षिणेलाच असतो, म्हणून करवतीच्या दात्यांसारखे छप्पर करून उत्तरेकडे काचा लावल्या की शेडमध्ये उजेड येतो, दुपारचे ऊन येत नाही. इचलकरंजी 17 अंशांच्याही अलीकडे. इथे साधारण मेच्या पहिल्या आठवड्यापासून ऑगस्टच्या सुरुवातीपर्यंत दुपारचा सूर्य किंचित उत्तरेला असतो. पावसाळी ढग येईपर्यंत उत्तरेच्या काचेलाही छज्जा लागतो. छोटासा पुरतो, पण लागतो.

उष्णता केवळ आकाशातून येत नाही. एक अश्वशक्तीची मोटर पूर्ण भारावर 746 वॅट काम देते. हे काम घर्षणात, धोट्याच्या आदळआपटीत संपते आणि शेवटी त्याची उष्णताच होते. अशी एकेक मोटर असलेल्या 24 मागांची शेड म्हणजे जवळजवळ 18 किलोवॅटची शेगडी, आणि तिच्यावर तापलेला पत्रा. खिडक्या उघडा, हा घरांसाठीचा सोपा सल्ला इथे चालत नाही. सुती धाग्याला दमट हवा लागते, सापेक्ष आर्द्रता 75 टक्क्यांच्या आसपास किंवा त्याहून जास्त. कोरडा वारा शिरला की ताणा तुटतो, माग थांबतो. कामगाराला वारा हवा, सुताला ओल. हा पेच पाठ्यपुस्तकात सहसा भेटत नाही. माझ्या मते विषय शिकायला याहून चांगली जागा नाही. कारण आतली हवा कोरडी न करता उष्णता कमी करायची, तर सर्वांत आधी छपराकडेच वळावे लागते: वरून पांढरा लेप, खाली उष्णतारोधक थर.

निवासी इमारतींसाठी 2018 साली आलेली इको-निवास संहिता छपरातून जाणाऱ्या उष्णतेला मर्यादा घालते: दर चौरस मीटरला, तापमानातल्या दर अंश फरकामागे, 1.2 वॅट. उघड्या पत्र्यातून याच्या चार-पाच पट उष्णता आत येते. 2022 च्या दुरुस्तीनंतरचा ऊर्जा संवर्धन कायदा मुख्यतः 100 किलोवॅट किंवा अधिक जोडभाराच्या इमारतींचा विचार करतो. आपली 24 मागांची शेड त्या चाळणीतून सहज खाली पडते. राज्ये ही जोडभाराची मर्यादा कमी करू शकतात, एवढी वाट कायद्याने ठेवली आहे.

भारताने 2021 मध्ये ग्लासगो येथे 2070 चे निव्वळ शून्य उत्सर्जनाचे लक्ष्य जाहीर केले. मुंबईने आपल्या हवामान कृती आराखड्यात 2050 साल धरले. 2022 मध्ये महानगरपालिका झालेल्या इचलकरंजीनेही असा हिशेब मांडायला हवा, पण क्रम उलटा नको. आधी सौर पॅनेल आणि मग काटकसर असे केले, तर वाया जाणाऱ्या विजेसाठीही पॅनेल विकत घ्यावे लागतात. आधी छप्पर, मोटर, दिवे. उरलेल्या गरजेपुरती सौर वीज. पॅनेल पत्र्यापासून वर, हवा खेळेल असे बसवले, तर त्याची सावलीही कामी येते. मात्र जुन्या कैच्या तो भार पेलतील का, हे आधी तपासावे.

वाचकाला गणिताची भीती असेल, तर या पुस्तकातली पुढची प्रकरणे बाजूला ठेवून एक तापमापक घ्यावा आणि मे महिन्यात दुपारी तीन वाजता पत्र्याची आतली बाजू मोजावी. तो आकडा घेऊन मग पहिल्या प्रकरणाकडे यावे.