बारामती-इंदापूर : शाळांची तुलना करताना काय पाहावे?

बारामती आणि इंदापूर हे शेजारचे तालुके. दोन्हीकडच्या गावोगावच्या प्राथमिक शाळा पुणे जिल्हा परिषदेच्याच. तरी 'त्या तालुक्याच्या शाळा बऱ्या' असे सर्रास बोलले जाते. आम्ही म्हणतो, आधी निधी कसा ठरतो ते पाहा.

समग्र शिक्षा योजनेचे वार्षिक शाळा अनुदान पटावर ठरते. ३० पटापर्यंत कमाल १० हजार, १०० पर्यंत २५ हजार, २५० पर्यंत ५० हजार रुपये. म्हणजे ३० आणि ३१ पटाच्या शाळांत १५ हजारांचा फरक. वीजबिल आणि छताची गळती मात्र दोन्हीकडे सारखीच. शिक्षकांची पदेही पटावरच.

यू-डायसमध्ये पट ३० सप्टेंबरचा धरतात. माळेगाव, सोमेश्वर, भवानीनगर कारखान्यांचा गाळप हंगाम त्यानंतर सुरू होतो. ऊसतोड मजुरांची मुले इथे पोहोचतात तेव्हा मोजणी संपलेली असते.

म्हणून तालुक्याची सरासरी पुरेशी नाही. प्रत्येक शाळेचा पट, अनुदान, शिक्षक आणि हंगामात आलेली मुले शेजारी-शेजारी मांडा. शिक्षण हक्क कायदा, २००९ नुसार अशा मुलांना वर्षाच्या मध्येही प्रवेश नाकारता येत नाही.

याच कायद्याने शाळा व्यवस्थापन समितीत ७५ टक्के पालक, निम्म्या महिला आणि वंचित घटकांना प्रमाणात जागा दिल्या आहेत. आपल्या वस्तीतले पालक समितीवर आहेत का, बैठकीत हिशेब मागतात का? कार्यकर्त्यांनी सुरुवात इथूनच करावी.