क्राउटरॉक : पसंतीच्या तबकड्यांचा वाद

क्राउटरॉक हे पश्चिम जर्मनीत साधारण १९६८ ते १९७५ या काळात बहरलेल्या प्रायोगिक रॉक संगीताचे प्रचलित नाव. ब्रिटिश संगीत-नियतकालिकांनी ते रूढ केले. कोलोनचा कॅन, ड्युसेलडॉर्फचे क्राफ्टवर्क व नॉय!, म्यूनिकचे आमोन ड्यूल २, पोपोल वूह व एम्ब्रिओ, बर्लिनचे टँजरीन ड्रीम व आश रा टेम्पल, तसेच हँबुर्ग आणि ब्रेमेन यांच्या मधल्या व्ह्यूमे या खेड्यातील जुन्या शाळेत राहून काम करणारा फाउस्ट हे त्यातील प्रमुख वाद्यवृंद. एक घराणे म्हणावे इतके साम्य त्यांच्यात नाही. अमेरिकी ब्लूज-रॉकची चाकोरी सोडणे, गाण्यापेक्षा दीर्घ वादनाला जागा देणे आणि ध्वनिमुद्रण-कक्षालाच वाद्य मानणे, एवढे तीन धागे मात्र बहुतेकांत आढळतात. यांतली श्रेष्ठ तबकडी कोणती, याबद्दल रसिकांचा वाद पन्नास वर्षे चालू आहे. त्या वादाचे स्वरूप आणि त्यात सहसा न येणारा महाराष्ट्राचा व सीमाभागाचा वाटा या नोंदीत दिला आहे.

पार्श्वभूमी : वाद वाढण्यास तबकड्यांची दुर्मीळता बरीच कारणीभूत ठरली. नॉय!च्या १९७२, १९७३ व १९७५ या तिन्ही तबकड्या अनेक वर्षे बाजारात नव्हत्या. त्यांच्या अधिकृत सीडी २००१ मध्ये निघाल्या. तोवर ज्याच्याकडे जी तबकडी, त्याची तीच आवडती, असा प्रकार होता. क्राफ्टवर्कच्या पहिल्या तीन तबकड्यांचे त्या वाद्यवृंदाने पुढे पुनर्मुद्रणच केले नाही. उलट ‘द फाउस्ट टेप्स’ (१९७३) ब्रिटनमध्ये एका छोट्या सिंगलच्या किमतीला विकली गेल्याने हजारो घरांत पोहोचली आणि पुष्कळ श्रोत्यांना या संगीताची पहिली ओळख तिच्यातूनच झाली. इंग्लिश गायक ज्यूलियन कोप याच्या ‘क्राउटरॉकसँप्लर’ (१९९५) या पुस्तकातील पन्नास तबकड्यांच्या यादीने वादाला चौकट दिली. ते पुस्तकही पुढे मिळेनासे झाले, तरी यादी टिकली. मते मांडणारा प्रत्येक जण आजही तिच्या बाजूने किंवा विरुद्ध उभा राहतो. स्टीव्हन व ॲलन फ्रीमन यांच्या ‘द क्रॅक इन द कॉस्मिक एग’ (१९९६) या कोशाचा आवाका अधिक मोठा आहे. परंतु कोशाने वाद मिटत नाहीत, यादीने पेटतात.

कॅनसंबंधीचा वाद : हा सर्वांत जुना आणि सर्वांत सखोल. ‘टागो मागो’ (१९७१), ‘एगे बाम्यासी’ (१९७२) व ‘फ्यूचर डेज’ (१९७३) या तिन्हींत जपानी गायक डामो सुझुकी आहे. १९७० मध्ये म्यूनिकच्या रस्त्यावर गाताना तो या मंडळींना भेटला. कॅनमधील हॉल्गर चुकाय व इर्मिन श्मिट हे जर्मन संगीतरचनाकार श्टोकहाउझेनचे विद्यार्थी. तालवादक याकी लीबेत्साइट (१९३८–२०१७) मुक्त जॅझमधून आलेला. ‘टागो मागो’ ही जोडतबकडी नर्व्हेनिखच्या गढीत ध्वनिमुद्रित झाली. तिची दुसरी बाजू ‘हल्लेलुवाह’ या एकाच रचनेने व्यापली आहे. साडेअठरा मिनिटे लीबेत्साइट तोच आकृतिबंध वाजवतो, पण प्रत्येक आवर्तनात एखाद्या आघाताचे वजन किंचित बदलते. कान तिथे ठेवून ऐकणाऱ्याला ही बाजू संपूच नये असे वाटते. ‘टागो मागो’च्या विरोधकांचा आक्षेप तिसऱ्या बाजूवर आहे. ‘ॲउम्न’ या सतरा मिनिटांच्या रचनेत ओंकाराचा उच्चार ताणून, प्रतिध्वनी चढवून वापरला आहे. काहींना तो तबकडीचा गाभा वाटतो, काहींना ओझे. ‘एगे बाम्यासी’चे समर्थक तिच्या आटोपशीरपणावर भर देतात. तुर्की भेंडीच्या डब्याचे चित्र असलेल्या या तबकडीतील ‘स्पून’ हे जर्मन दूरचित्रवाणीवरील एका रहस्यमालिकेचे शीर्षकगीत होते आणि जर्मनीत चांगले खपले होते. ‘फ्यूचर डेज’च्या बाजूचे लोक तिची दुसरी बाजू व्यापणाऱ्या ‘बेल एअर’चा दाखला देतात. प्रस्तुत नोंदकाराचा कौल ‘टागो मागो’च्या दुसऱ्या बाजूला आहे; पूर्ण तबकडीबद्दल तसेच म्हणता येईल का, हा प्रश्न खुला ठेवणे बरे.

नॉय! : क्लाउस डिंगर (१९४६–२००८) व मिखाएल रोटर यांची जोडी. ध्वनिमुद्रक कॉनी प्लांक (१९४०–१९८७). पहिल्या तबकडीतील ‘हल्लोगालो’ आणि ‘नॉय! ७५’ची दुसरी बाजू हे वादाचे दोन ध्रुव. दुसऱ्या तबकडीच्या वेळी पैसे संपले, तेव्हा आधीच निघालेल्या सिंगलवरील दोन रचना कमीजास्त वेगाने फिरवून उरलेली बाजू भरली गेली. ही फसवणूक की दूरदृष्टी, यावर एकमत नाही.

पोपोल वूह : फ्लोरियान फ्रिके (१९४४–२००१) याने १९७० मध्ये ‘आफेनश्टुंडे’त मूग सिंथेसायझर वापरला आणि १९७२ च्या ‘होसिआना मांत्रा’त तो बाजूला ठेवून पियानो, ओबो, तंबोरा आणि कोरियन गायिका जॉन्ग युन यांची सोबत घेतली. विद्युत-ध्वनीचे चाहते आधीच्या तबकड्या मानतात, बाकीचे ‘होसिआना मांत्रा’ला. पोपोल वूहच्या नावावर असलेली, भारतीय वाद्ये असलेली ‘योगा’ (१९७६) या वृंदाची मानावी की नाही, याबद्दल मतभेद आहेत.

क्राफ्टवर्क : ‘आउटोबान’ (१९७४) या प्रवाहात धरावी की नाही, एवढाच वाद.

लयीचा निकष : याद्या करणारे बहुधा नावीन्य, प्रभाव आणि दुर्मीळता पाहतात. लय हा निकष त्यांच्याकडे येतो तो डिंगरच्या सरळ चार मात्रांच्या ठेक्यापुरता. समीक्षकांनी त्याला ‘मोटोरिक’ म्हटले. डिंगरला ते नाव रुचत नसे. लय ऐकण्याची वेगळी रीत महाराष्ट्रातल्या गोंधळात सापडते. धाराशिव जिल्ह्यातील तुळजापूरच्या भवानीचे कदमराई गोंधळी आख्यान लावतात, तेव्हा संबळावरचा ठेका तासन् तास धरून ठेवावा लागतो. संबळ हे लहानमोठ्या दोन भांड्यांचे जोडवाद्य. ते दोन काठ्यांनी वाजते आणि त्यातली एक काठी टोकाला वाकवलेली असते. वाकडी काठी घुमारा काढते, सरळ काठी गती राखते, आणि कथा कितीही वळणे घेवो, ऐकणाऱ्याचा पाय ठेक्यावरून सुटत नाही. लीबेत्साइट आणि डिंगर यांचे वादन याच कानाने ऐकले, तर त्यातली पुनरावृत्ती कंटाळवाणी वाटत नाही. ठेका ही तिथे पार्श्वभूमी नसून आख्यान उभे राहण्याची जमीन आहे. हा निकष लावला की पसंतीची यादी बदलते आणि पुढील दोन नावे तिच्यात येतात.

एम्ब्रिओ व गुर्टू मायलेक : ख्रिस्टियान बुर्खार्ट (१९४६–२०१८) याने १९६९ मध्ये म्यूनिक येथे स्थापन केलेला एम्ब्रिओ पसंतीच्या यादीत आलाच, तर सहसा ‘एम्ब्रिओज राखे’ (१९७१) किंवा अमेरिकी सॅक्सोफोनवादक चार्ली मारिआनो याचा सहभाग असलेल्या ‘वुई कीप ऑन’ (१९७३) या तबकडीमुळे. १९७७ ची ‘अपो-कॅलिप्सो’ मागे राहते, कारण यादी करणाऱ्यांच्या मते तोवर क्राउटरॉकचा काळ सरलेला असतो. मराठी वाचकासाठी मात्र हीच तबकडी सर्वांत महत्त्वाची. तीत मुंबईत जन्मलेला त्रिलोक गुर्टू (जन्म १९५१) तालवाद्ये वाजवतो आणि त्याची आई शोभा गुर्टू गाते.

शोभा गुर्टू (१९२५–२००४) या मूळच्या बेळगावच्या भानुमती शिरोडकर. आई मेनकाबाई शिरोडकर नर्तिका व गायिका. त्यांना जयपूर-अत्रौली घराण्याचे अल्लादिया खाँ यांची तालीम होती. शोभाताईंचे शिक्षण अल्लादिया खाँचे पुत्र भूर्जी खाँ यांच्याकडे सुरू झाले. पुढे ठुमरी-दादऱ्याची तालीम घम्मन खाँ यांनी दिली. ते मुंबईत त्यांच्या कुटुंबासोबत राहायला आले होते. सासरे नारायणनाथ गुर्टू हे पोलीस अधिकारी, संगीताचे जाणकार आणि सतारवादक. ठुमरीसम्राज्ञी म्हणून मान्यता पावलेल्या आणि २००२ मध्ये पद्मभूषण मिळालेल्या या गायिकेचा आवाज एका जर्मन रॉक वाद्यवृंदाच्या तबकडीवर आहे, ही गोष्ट आपल्याकडच्या त्यांच्या चरित्रपर लेखांत क्वचितच येते, आणि क्राउटरॉकवरच्या लेखनात त्यांच्या घराण्याची दखल नसते. दोन्हीकडून हे दुर्लक्ष दूर व्हायला हवे. एकाच गायिकेच्या वाटचालीतून बेळगाव, अल्लादिया खाँची परंपरा आणि म्यूनिक जोडले गेल्याचे दुसरे उदाहरण या प्रवाहात नाही.

त्रिलोक घरी तबला शिकला, मग पाश्चात्त्य ड्रमकडे वळला. पुढे रूढ झालेली त्याची बैठक लक्षात ठेवण्याजोगी : ड्रमवादकाच्या स्टुलावर न बसता तो जमिनीलगत, अर्धवट गुडघ्यांवर बसून वाजवतो. शेजारी पाण्याची बादली असते. झांज किंवा शंख-शिंपल्यांचा झुबका वाजता वाजता तो पाण्यात बुडवतो, तसा नाद वाकतो आणि खाली घसरतो. वर काढला की पुन्हा चढतो. म्हणजे झांजेतून मींड निघते. तबल्याच्या डग्ग्यावर मनगट सरकवून घुमारा वळवणाऱ्या हाताला हे सुचावे, यात नवल नाही. ‘उस्फ्रेट’ (१९८८) या त्याच्या पहिल्या स्वतंत्र अल्बममध्येही शोभाताई गायल्या आहेत.

एम्ब्रिओने १९७८–७९ मध्ये बसने अफगाणिस्तान, पाकिस्तानमार्गे भारताचा प्रवास केला. ‘एम्ब्रिओज रायझे’ (१९७९) ही जोडतबकडी आणि ‘व्हागाबुंडन कारावाने’ हा माहितीपट त्यातून निघाले. बंगळूरच्या कर्नाटक कॉलेज ऑफ पर्कशन या टी. ए. एस. मणी यांनी १९६४ मध्ये स्थापन केलेल्या संस्थेबरोबरची ‘लाइफ’ (१९८०) ही तबकडी आर. ए. रामामणी यांच्या गायनासाठी आणि तालातील जातीबदलांच्या सफाईसाठी ऐकावी. प्रस्तुत निकषानुसार तिचा क्रम बराच वर लागतो. याच प्रवासातून वेगळे झालेल्या काही सदस्यांनी १९८१ मध्ये डिसिडेंटन हा वृंद काढला.

डॉयटर आणि पुणे : गेओर्ग डॉयटर (जन्म १९४५) हा स्वशिक्षित वादक. तरुणपणी मोटार-अपघातातून वाचल्यावर तो संगीताकडे वळला. म्यूनिकच्या कुकुक कंपनीने १९७१ मध्ये काढलेली त्याची पहिली तबकडी ‘डी’ एकट्याने वाजवून घडवलेली असून क्राउटरॉकच्या संग्राहकांत तिला मान आहे. ‘कृष्ण ईटिंग फिश अँड आइस्क्रीम’ अशा नावाची रचनाही तिच्यात आहे. दुसरी तबकडी ‘ओम’ (१९७२). त्यानंतर तो भारतात आला, आचार्य रजनीश यांचा शिष्य झाला आणि चैतन्य हरी हे नाव त्याला मिळाले. १९७४ मध्ये पुण्याच्या कोरेगाव पार्कमध्ये रजनीशांचा आश्रम सुरू झाला. तेथील सक्रिय ध्यानविधींचे संगीत डॉयटरने रचले. आश्रमाविषयीचे इतर वाद या नोंदीच्या कक्षेबाहेरचे आहेत.

कुंडलिनी ध्यानाचे चार टप्पे पंधरा-पंधरा मिनिटांचे : अंग थरथरू देणे, नाचणे, स्वस्थ बसणे वा उभे राहणे, आणि निजून राहणे. पहिल्या तिन्हींना संगीत आहे, चौथा कोरा आहे. डायनॅमिक ध्यानात दहा-दहा मिनिटांचे तीन टप्पे ढोल-वाद्यांच्या वाढत्या जोराने चढत जातात. मग एकदम थांबा, पंधरा मिनिटे शांतता. शेवटी नाचण्यासाठी पुन्हा संगीत. सूचना देणारा आवाज लागत नाही. संगीत बदलले की टप्पा बदलला, हे शरीराला कळते. तासाभराचा हा अखंड क्रम एलपीच्या दोन बाजूंत नीट मावत नाही. तो कॅसेटचा ऐवज. त्यामुळे संग्राहकांच्या दृष्टीने ही ‘तबकडी’च नव्हे, आणि पसंतीच्या वादात ती येत नाही. वास्तविक पहाटे सहाला डायनॅमिक आणि दुपारी सव्वाचारला कुंडलिनी हा क्रम पुण्यात दशकानुदशके पाळला गेला आहे. १९७० च्या दशकातील जर्मन वादकाची एखादी रचना महाराष्ट्रात इतक्या नेमाने ऐकली गेल्याचे दुसरे उदाहरण सहज सापडत नाही. ‘डी’ मानणारे चाहते पुढच्या डॉयटरला विश्रांतिसंगीताचा म्हणून सोडून देतात. डायनॅमिकच्या पहिल्या टप्प्यातला ढोल त्यांनी ‘डी’मधील ‘बॅबिलॉन’शेजारी ठेवून ऐकावा, हात तोच आहे. ‘सेलिब्रेशन’ (१९७६), ‘हालेआकाला’ (१९७८) व ‘एक्स्टसी’ (१९७९) या याच काळातल्या तबकड्या. पुढे तो अमेरिकेत न्यू मेक्सिकोत स्थायिक झाला.

समांतर : मुंबईचे चरणजित सिंग (मृत्यू २०१५) यांच्या ‘टेन रागाज टू अ डिस्को बीट’ (१९८२) या तबकडीचा २०१० च्या पुनर्मुद्रणानंतर याच श्रोतृवर्गात मोठा बोलबाला झाला. तिचा जर्मन प्रवाहाशी थेट संबंध नाही.

सद्यःस्थिती : बुर्खार्टनंतर एम्ब्रिओची धुरा त्याची कन्या मार्या बुर्खार्ट वाहते. डामो सुझुकी २०२४ मध्ये निवर्तला. कॅनच्या मूळ वादकांपैकी इर्मिन श्मिट हयात आहे.