बैगांचे दोन शेजारी

व्हेरियर एल्विन हें नांव सुशिक्षित मराठी घरांत ठाऊक असतें. शामराव हिवाळे हें नांव सहसा नसतें. वस्तुतः १९३२ च्या आरंभीं मैकल पर्वतांतील करंजिया गांवीं जें बिऱ्हाड थाटलें गेलें, तें दोघांचें होतें. एल्विन ऑक्सफर्डचे पदवीधर, हिवाळे महाराष्ट्रीय ख्रिस्ती. पुण्याच्या ख्रिस्त सेवा संघांत त्यांचा स्नेह जमला. मानववंशशास्त्राचें रीतसर शिक्षण दोघांनींहि घेतलें नव्हतें. शाळा व औषधोपचार हा त्यांचा पहिला उद्योग. संशोधन आलें तें मागाहून, शेजारधर्मांतून. १९३५ सालीं गोंडांच्या गीतांचा संग्रह दोघांच्या नांवें निघाला. परधान या गोंडांच्या भाटांविषयीं हिवाळे यांनीं १९४६ त स्वतंत्र ग्रंथ लिहिला. तो आज फारसा कोणी उघडीत नाहीं, हें खेदाचें आहे.

एल्विन यांचा ‘द बैगा’ हा ग्रंथ १९३९ सालचा. बैगांची शेती म्हणजे बेवर: झाडें तोडावीं, वाळल्यावर जाळावीं, आणि पावसाच्या तोंडीं राखेंत बीं टाकावें. धरित्री ही माता. नांगरानें तिचें वक्ष फाडणें हें पाप, अशी त्यांची श्रद्धा. जंगलखात्याला मात्र त्या राखेंत जळालेलें सागवान व साल दिसे. बेवरीवर बंदी आली, आणि १८९० सालीं सुमारें २४ हजार एकरांचा ‘बैगा चक’ तेवढा त्यांच्यासाठीं राखून ठेवण्यांत आला. कुऱ्हाड हातून गेली तेव्हां शेतीबरोबर देव, मंत्र आणि मानहि गेला, हें एल्विन यांनीं बैगांच्याच तोंडून ऐकून नोंदविलें. सरकारी अहवालांत हें येणें शक्यच नव्हतें.

त्यांनीं सुचविलेला उपाय मात्र वादग्रस्त ठरला. बाहेरच्यांचा शिरकाव रोखणारें राखीव क्षेत्र आदिवासींना द्यावें, असें त्यांचें म्हणणें. मुंबई विद्यापीठाचे प्रा. गो. स. घुर्ये यांनीं १९४३ त पुण्याच्या गोखले संस्थेतर्फें निघालेल्या पुस्तकांत त्याचा कडक समाचार घेतला: हे लोक मागासलेले हिंदूच होत, त्यांना वेगळें काढणें अहिताचें. घुर्ये यांची विद्वत्ता मोठी खरी. पण बैगांचा पक्ष मांडतांना एल्विन यांच्यापाशीं त्यांच्यांतील वास्तव्य होतें. एल्विन यांनीं पुढें आपलें मत बरेंच सौम्य केलें. १९६४ सालीं ते दिल्लीस वारले.

२००६ च्या वनहक्क कायद्याअन्वयें बैगा चकांतील गांवांना २०१५ सालीं अधिवासाचा सामूहिक हक्क मिळाला. तीं गांवें दिंडोरी जिल्ह्यांत आहेत. करंजियाहि त्याच जिल्ह्यांत.