दख्खनचे दंगे

दख्खनचे दंगे : (मे–जून 1875). मुंबई इलाख्यातील पुणे व अहमदनगर जिल्ह्यांतील शेतकऱ्यांनी सावकारांविरुद्ध केलेला उठाव. कर्जाचे रोखे, गहाणखते व न्यायालयांचे हुकूमनामे हिसकावून जाळणे, हे त्याचे ठळक वैशिष्ट्य होय.

कारणे : पेशवाईच्या अस्तानंतर (1818) दख्खनमध्ये रयतवारी पद्धत आली. विंगेट व गोल्डस्मिड यांनी 1836 मध्ये इंदापूर तालुक्यापासून तीस वर्षांच्या मुदतीची जमाबंदी सुरू केली. सारा रोखीने व ठरल्या हप्त्यांनी भरावा लागे. पीक बुडाल्यास सावकाराखेरीज आधार नसे. सावकार पूर्वीही होता. परंतु वसुलीसाठी त्याला पाटील, पंचायत व गावकीची भीड बाळगावी लागे. दिवाणी न्यायालयांमुळे ही गरज संपली. न्यायालयापुढे कागद बोले आणि नांगराची निशाणी करणाऱ्या निरक्षर कुणब्याला तो वाचता येत नसे.

रोख्यावरील दावा तीन वर्षांत करण्याचे बंधन 1859 च्या मुदतीच्या कायद्याने घातले. व्याज साचू नये हा त्याचा उद्देश. प्रत्यक्षात दर तीन वर्षांनी थकलेले व्याज मुद्दलात मिळवून कुळाकडून नवा रोखा लिहून घेतला जाऊ लागला. अमेरिकेतील यादवी युद्धाच्या काळात (1861–65) कापसाचे भाव चढले, तेव्हा सावकारांनी सढळ हाताने कर्जे दिली. युद्ध संपताच भाव कोसळले. त्याच सुमारास इंदापूरपासून फेरजमाबंदी सुरू होऊन पुष्कळ गावांचा सारा दीडपट वा त्याहून अधिक वाढला. सावकारांनी नवे कर्ज बंद केले व जुन्याच्या वसुलीसाठी जप्त्या आणल्या. यांतील बरेच सावकार बाहेरून आलेले गुजर व मारवाडी असल्याने गावाशी त्यांचे नाते मुख्यतः देण्याघेण्यापुरतेच होते.

घटना : डिसेंबर 1874 मध्ये शिरूर तालुक्यातील कर्डे गावी एका सावकाराने कर्जदाराच्या घरावर हुकूमनामा बजावल्यावरून वाद पेटला. गावाने सावकारांवर बहिष्कार टाकला. त्यांच्या दुकानातून खरेदी थांबली, न्हावी व धोबी यांनीही काम सोडले. आसपासच्या गावांनी हा मार्ग अनुसरला. 12 मे 1875 रोजी भीमथडी तालुक्यातील सुपे (सध्या बारामती तालुका) या बाजारपेठेच्या गावी जमावाने सावकारांची घरे व दुकाने लुटली आणि दप्तरे जाळली. तेथून हे लोण पुणे व अहमदनगर जिल्ह्यांतील इतर गावांत पसरले.

या हिंसेला मर्यादा होती. सावकाराने कागद निमूटपणे हवाली केले, तर सहसा त्याच्या अंगाला हात लावला जात नसे. शारीरिक इजेचे प्रकार थोडे घडले. ब्राह्मण सावकार बहुतांशी वाचले. सरकारने लष्कर आणले, गावोगावी पोलीस ठाणी बसवली आणि 951 जणांना अटक केली.

परिणाम : सरकारने नेमलेल्या दख्खन दंगे आयोगाचा अहवाल 1878 मध्ये ब्रिटिश पार्लमेंटपुढे ठेवण्यात आला. त्याने दोषाचा मुख्य भार सावकारीवर टाकून वाढीव साऱ्याला मूळ कारण मानण्याचे टाळले. दरम्यान 1876–77 च्या दुष्काळाने शेतकरी आणखी खचला. 1879 मध्ये वासुदेव बळवंत फडके यांनी केलेल्या बंडातही सावकारांच्या घरांवर दरोडे पडले.

त्याच वर्षी पुणे, अहमदनगर, सोलापूर व सातारा या जिल्ह्यांसाठी दख्खन शेतकरी साहाय्य कायदा करण्यात आला. दिवाणी कर्जापायी शेतकऱ्याला होणारी कैद बंद झाली. रोख्यावरील आकड्यापुरते न थांबता मूळ व्यवहार तपासण्याचा, फाजील व्याज कापण्याचा व फेडीचे हप्ते बांधून देण्याचा अधिकार न्यायालयांना मिळाला. महादेव गोविंद रानडे यांनी या कायद्याखाली विशेष न्यायाधीश म्हणून काम केले. मात्र सावकारांनी हात आखडता घेतला. गहाणाऐवजी जमिनीचे खरेदीखतच लिहून घेण्याची पळवाटही निघाली. स्वस्त कर्जाची पर्यायी सोय नसल्याने शेतकरी पुन्हा त्यांच्याच दारी गेला. जोतीराव फुले यांनी ‘शेतकऱ्याचा असूड’ (1883) मध्ये सरकारी धोरण व नोकरशाही यांनाही शेतकऱ्याच्या दैन्याबद्दल जबाबदार धरले.

मूल्यमापन : बदललेल्या महसूल व न्यायव्यवस्थेने सावकार व कुणबी यांच्यातील जुना तोल मोडला, अशी मांडणी रविंदर कुमार यांनी केली. नील चार्ल्सवर्थ यांच्या मते मात्र दंग्यांची व्याप्ती व महत्त्व नंतर फुगवले गेले. व्याप्ती मर्यादित मानली, तरी दंगेखोरांनी जो कागद जाळला त्याच्या मागचा व्यवहार पाहण्याचे बंधन चार वर्षांनी कायद्याने न्यायालयांवर घातले. सारा रोखीनेच भरण्याची सक्ती मात्र कायम राहिली. सहकारी पतपेढ्यांचा कायदा होण्यास 1904 साल उजाडावे लागले.